माझं घर कुठे आहे, हे आता साहेबांचा मोबाईल सांगणार?

डोकं फिरलंय नुसतं. आत्ताच अपिलाच्या सुनावणीवरून आले, अजून पाणीही प्यायले नाही.

आरटीईत, म्हणजे खाजगी शाळांतल्या 25 टक्के राखीव मोफत जागांच्या लॉटरीत, लेकीचा नंबर लागला होता. पहिलीला, एक किलोमीटरच्या आतली शाळा. पेढे वाटले आम्ही. आणि पडताळणीत अर्ज बाद! कारण काय, तर ‘अंतर चुकीचे’. म्हणून अपील. अडीच तास बाहेर बाकड्यावर बसवून ठेवलं. आत गेल्यावर साहेबांनी काय करावं? खिशातून स्वतःचा मोबाईल काढला, नकाशावर नुसतं ‘गणेशनगर’ टाकलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. "हे बघा, चार किलोमीटर दाखवतंय."

अहो, पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मिळून गणेशनगरं किती! ते नदीपलीकडचं निघालं. मी म्हटलं, साहेब, हे आमचं नाही, गल्ली टाका, पिनकोड टाका. तर अंगठ्याने ती निळी रेघ वर-खाली सरकवत म्हणतात, "मॅप खोटं बोलेल का?" म्हणजे मी खोटं बोलते! लाइट बिल पुढे केलं, रेशनकार्ड पुढे केलं, हात लावला नाही. अर्ज भरताना तुमच्याच पोर्टलवर मी नकाशातला घराच्या खुणेचा बलून बरोब्बर आमच्या पत्र्यावर ठेवलाय. तुमच्याच पोर्टलने 640 मीटर अंतर काढलं, त्याच अंतरावर लॉटरी लागली. मग ते आता चुकलं कसं? त्या शाळेची प्रार्थना आमच्या खिडकीत ऐकू येते हो. पोरगी रोज दात घासता घासता ती म्हणते, पाठ झालीय तिला.

नकार लेखी द्या म्हटलं, तर "पोर्टलवर दिसेल". दिसत नाही! तिथे फक्त लाल अक्षरात ‘रिजेक्टेड’.

आणि ही कागदपत्रं काय हवेतून आली का? भाडेकरार नोंदणीकृतच हवा, तोही अर्जाच्या आधीचा. घरमालक नोंदणीला तयार होईना, त्याच्या दारात चार चकरा. 1 लाखाच्या आतल्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत दोन दिवस मोडले, एकदा सर्व्हर बंद, एकदा ओटीपीच येईना. आमच्याच रांगेत एकजण चारचाकीतून उतरून तोच दाखला घेऊन गेला, त्याला कुणी एक शब्द विचारला नाही.

जावेच्या मुलाच्या वेळी 2024 साली काय झालं ते विसरले नाही मी. 9 फेब्रुवारीला नियमच फिरवला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खाजगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. हायकोर्टाने 19 जुलैला तो रद्द केला, पण तोवर बाकीच्या मुलांची शाळा महिनाभर पुढे गेली होती. तेव्हाही अंतरच, आताही अंतरच. मोजायचं आमच्या पोरांनाच.

आता मुदत गेली की तिची जागा वेटिंग लिस्टला जाणार. सोमवारी परत जातेय, पगार कापला तर कापू दे. लेकीलाही नेणार. साहेब, मोबाईल टेबलावर ठेवा आणि आमच्या दारापासून शाळेच्या गेटपर्यंत तिचं बोट धरून चाला.