स्क्रीन बदलले, सांगाड्याचं काय?

कॉलेजच्या ग्रुपवर सध्या पुन्हा आपल्या हवाई दलाच्या जुन्या जॅग्वार लढाऊ विमानांवरून जुंपलीय. २०२५ मध्ये चार महिन्यांत तीन जॅग्वार पडली, मार्चमध्ये अंबाल्याजवळ, एप्रिलमध्ये जामनगरला, जुलैत राजस्थानात चुरूला, मग सप्टेंबरात चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, आणि तेव्हापासून सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते भंगारात काढा, नवीन घ्या. दुसरी म्हणते अमेरिका नाही का चाळीस वर्षांचे बॉम्बर उडवत, मग आपल्यालाच कसली घाई. पुरावा म्हणून दरवेळी तोच फोटो येतो, २०२१ च्या एअरो इंडिया प्रदर्शनात तेजसच्या सोबतीनं बेंगळुरूवरून गेलेला अमेरिकेचा बी-वन बॉम्बर. मी राहतो अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या विचिटात, त्यामुळे मला टॅग करतात, "तू तिकडेच आहेस ना, सांग यांना." सांगतो, पण आवडेल असं वाटत नाही.

बी-वनची कुंडलीच विचित्र आहे. पहिलं मॉडेल १९७४ मध्ये उडालं, १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांनी प्रकल्प बंद केला, १९८१ मध्ये पुढचे राष्ट्राध्यक्ष रेगननी उकरून काढला, आणि १९८८ पर्यंत शंभर विमानं बनली. पंख पुढेमागे होणारे, चार इंजिनं, आवाजापेक्षा जास्त वेग, पोटात ३४ टन बॉम्ब. बनवलं होतं रशियात जमिनीलगत घुसून अणुबॉम्ब टाकायला, पण ९० च्या दशकात अणूचं काम काढून घेतलं आणि पुढे वर्षानुवर्षं हे अफगाणिस्तानावर पंख पसरून तासन् तास घिरट्या घालत बसलं, खाली सैनिकांना गरज लागेल तेव्हा बॉम्ब टाकायला. सांगाडा या कामासाठी बनवलेलाच नव्हता. तो ताण साठत गेला, आणि पुढे हवाई दलाच्या वरिष्ठांनीच मान्य केलं की आम्ही हे विमान नको तितकं राबवलं.

आता मॉडर्नायझेशन. २०१२ ते २०२० या काळात सगळ्या बी-वनच्या कॉकपिटात नवे स्क्रीन, माहितीची देवाणघेवाण करणारी नवी डेटा लिंक, बिघाड शोधणारी नवी सिस्टिम बसवली. खर्च एक अब्ज डॉलरच्या वर. आणि हे चालू असतानाच, २०१९ मध्ये, साठ-बासष्ट विमानांपैकी पूर्ण सज्ज अशी दहासुद्धा नव्हती. म्हणजे आपल्याकडे जुन्या सोसायटीत पिलरच्या सळ्या बाहेर दिसत असतात आणि तिसऱ्या मजल्यावरचे कुणीतरी मॉड्युलर किचन करून घेतात, तसलाच प्रकार. त्यामुळे "अमेरिका बघा" म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. एक तर ही सज्ज विमानांची गोष्ट कुणी चोरून फोडली नाही, अमेरिकी संसदेच्या समितीत उघड बोलली गेली, नावानिशी. दुसरं, २०२१ मध्ये त्यांनी १७ विमानं सरळ निवृत्त केली, कारण ती नुसती धड करायला एकेकाला १ ते ३ कोटी डॉलर लागणार होते, तोच पैसा आणि तेच मेकॅनिक उरलेल्या ४५ ला द्यायचे. आपल्याकडे असा निर्णय झाला असता तर टीव्हीवर "ताकद घटवली" म्हणून चार दिवस गोंधळ झाला असता.

तिसरी गोष्ट माझ्या गावातली. इथल्या विद्यापीठाच्या एव्हिएशन संस्थेनं ॲरिझोनाच्या वाळवंटात ठेवलेलं एक जुनं बी-वन २०२० मध्ये ट्रकवरून आणलं आणि चक्क उकललं. पत्रा, रिब, बोल्ट, एकेक भाग काढायचा, साफ करायचा, स्कॅन करायचा, कुठे तडा आहे, कुठे आधी कुणी ठिगळ मारलंय ते नोंदवायचं, आणि सगळं मिळून कॉम्प्युटरात पूर्ण विमान उभं करायचं. का, तर जुने ड्रॉइंग्ज कागदावर, आणि पार्ट बनवणाऱ्या कित्येक कंपन्या आता नाहीतच. आता उडणाऱ्या विमानात तडा दिसला की तो कुठवर जाईल याचा अंदाज आधी बांधता येतो. कंटाळवाणं काम आहे, फोटो काढण्यासारखं काहीच नाही, पण बी-वन अजून उडतंय त्यात याचा वाटा स्क्रीनपेक्षा जास्त, असं माझं मत.

मध्येच ग्रुपवर एकाला रशियाचं टीयू-१६० बॉम्बर हवं असतं, आपणही घेऊ म्हणून. अरे, ते नव्यानं बनवायला रशियातल्या कझानच्या कारखान्यात टायटॅनियम वेल्डिंगची बंद पडलेली यंत्रणा आधी परत उभी करावी लागली, तेव्हा कुठे जानेवारी २०२२ मध्ये नवं विमान उडालं. आपल्याला पोसणार का तो हत्ती? सोडा.

जॅग्वारकडे या. आपण काय केलं? डॅरिन-३ नावाच्या अपग्रेडमध्ये नवा रडार, नवे डिस्प्ले, सगळं छान. इंजिन मात्र तेच, कारण नवं बसवायचा बेत २०१९ मध्ये महाग पडतो म्हणून बारगळला. सुट्या भागांसाठी फ्रान्स-ओमानकडून जुने सांगाडे आणायचे. माझे एक मामा नाशिकजवळ ओझरला एचएएलमधून, म्हणजे सरकारी विमान कारखान्यातून, रिटायर झालेत, मिग ओव्हरहॉलमध्ये आयुष्य गेलं, त्यांना या सगळ्या बातम्या वाचून दाखवल्या की ते एवढंच विचारतात, "तास किती उरलेत?" एअरफ्रेमचे तास, म्हणजे सांगाडा अजून किती तास उडू शकतो ते. ग्रुपवर हजार मेसेज झाले, हा प्रश्न एकानंही विचारला नाही.

आता हवाई दलाची ८४ सुखोई लढाऊ विमानं अपग्रेड करायचं घाटतंय, पुन्हा रडार आणि कॉकपिट यावरच सगळ्या बातम्या. सगळ्यात जुनी सुखोई २००२ पासून आपल्याकडे आहेत. माझं म्हणणं, त्यातलं एक घ्या, ओझरलाच, आणि शेवटच्या रिव्हेटपर्यंत उकला. हे लिहिल्यावर एकानं लगेच उत्तर दिलं, लढाऊ विमानांच्या ४२ च्या जागी २९ स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, उरल्यात आणि तू चालू विमान कापायला सांगतोस? त्याचा मुद्दा बरोबर आहे, अमेरिकेकडे वाळवंटात जादाची विमानं पडून आहेत, आपल्याकडे नाहीत. तरी मी कापाच म्हणेन.