चाल सुधारण्याचं काम ती मुलं आधीपासूनच करतायत, सर

सर,

वर्गातल्या गे मुलाचा छळ होत असेल तर शाळेनं नेमकं काय करावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोन दिवस तशीच ठेवली होती. रागाच्या भरात उत्तर जाऊ नये म्हणून. राग उतरलेला नाही, पण तुमचं एक वाक्य असं आहे की ते बिनउत्तराचं सोडवत नाही.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं असं: एसी केबिनमध्ये बसून लिहिणाऱ्या मॅडमना साठ पोरांचा वर्ग काय असतो ते ठाऊक नाही. मी दिलेलं शिक्षण हक्क कायद्याचं कलम इथं लागत नाही. चिडवाचिडवी प्रत्येक पिढीत होती, त्यातूनच मुलं कणखर होतात. आठवी-नववीच्या पोराला आपण गे आहोत हे कुठून कळणार? आणि शेवटी, त्यांच्याच शब्दांत, ‘असल्या मुलांना चालणं-बोलणं जरा सुधारायला सांगितलं की निम्मा प्रश्न मिटतो. मी सांगायचो, मिटायचा.’

आधी ‘असल्या’बद्दल. असला माल, असली संगत, असले धंदे. आपल्या भाषेत हा शब्द कुठं वापरतात ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही मराठीच शिकवत होतात असं तुम्हीच लिहिलंय. मुख्याध्यापक शिक्षकखोलीत ‘असली मुलं’ म्हणाले की ते वर्गशिक्षकापर्यंत जातं, तिथून मॉनिटरपर्यंत जातं आणि मधल्या सुट्टीत मुतारीजवळ त्याचं ‘बायल्या’ किंवा ‘छक्का’ होतं. लेखात मी शिव्यांची ही साखळी उलगडून दाखवली होती. तुम्ही तिची पहिली कडी जशीच्या तशी लिहून पाठवलीत.

एसी केबिनबद्दल इतकंच की मी 19 वर्षं शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते आहे, त्यातली बरीचशी जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत. साठ मुलांचा वर्ग मी पाहिला आहे, सत्तरचाही. माझा अनुभव विचारायचा तर नीट विचारावा, टोमणा मारून नको.

कलमाचं मात्र तुमचं बरोबर. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, पण तो कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांपुरता. माझं उदाहरण दहावीतलं होतं, तिथं ते कलम पुरत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. दुरुस्ती करताना जे पुरतं तेही घातलंय. बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 अठरा वर्षांपर्यंत लागू आहे, आणि मूल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी केलेला मानसिक छळ त्यात येतो, म्हणजे शिक्षकही आले. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा 1999 चा. त्यातल्या व्याख्येत चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं आणि लाज वाटेल असं वागवणं हे सगळं धरलेलं आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं 7 दिवसांत चौकशी करायची असते. तेव्हा कलम चुकलं म्हणून शाळा सुटली, असं होत नाही.

आता तुमचं ते वाक्य.

‘चालणं-बोलणं सुधारायला सांगितलं.’ सर, तुम्ही सांगायच्या कितीतरी आधी त्या मुलानं स्वतःला ते सांगितलेलं असतं. पाचवी-सहावीत कोणीतरी पहिल्यांदा हसतं, त्या दिवसापासून तो सुधारणेला लागलेला असतो. मनगट सैल पडतंय का ते बघायचं. बसताना पायावर पाय टाकायचा नाही. दप्तर छातीशी धरायचं नाही, एका खांद्यावर टाकायचं. हसताना तोंडावर हात न्यायचा नाही. आवाज खाली आणून बोलायचं, आणि तो आणता येत नसेल तर बोलायचंच नाही. उत्तर येत असूनही हात वर न करणारा मुलगा तुमच्या वर्गात होता, सर. तोंडी परीक्षेत अडखळणारा, कविता म्हणायला उभं केलं की घाम फुटणारा, गॅदरिंगच्या नाचातून ऐनवेळी नाव काढून घेणारा. त्याला विषय येत नव्हता असं नाही, त्याला स्वतःचा आवाज वर्गात ऐकू जायला नको होता.

हा पहारा सकाळच्या प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत चालतो आणि त्यातच मूल थकतं. गणित करायला जे लक्ष लागतं तेच लक्ष इथं खर्च होतं. नववीच्या सहामाहीत मार्क अचानक घसरले की घरी मोबाइलवर खापर फुटतं. हजेरीपट उघडून बघा. गैरहजेरी कुठल्या वारांना आहे? ती पीटीच्या तासाच्या दिवशी पडत असेल तर ताप-खोकला हे कारण नाही. कपडे बदलायची खोली आणि संघ निवडताना शेवटी उरणं, ही कारणं आहेत. रविवारी रात्री पोट दुखणं, सोमवारी सकाळी उलटी होणं, डॉक्टरांना काहीच न सापडणं, हे खोटं दुखणं नसतं. पोट खरंच दुखतं.

पाण्याची बाटलीही बघा. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी येते, कारण पाणी प्यायलं तर मुतारीत जावं लागेल आणि मुतारीत दाराशी तिघं उभे असतात. सहा-सात तास लघवी रोखून धरायची, मग जळजळ, मग संसर्ग. मुलीला असं झालं की आई विचारते, मुलाला कोणी विचारत नाही. स्टीलच्या बाटलीत पाणी किती उरलं हे आईला स्वयंपाकघरात कळतं, शाळेला कळायला मार्ग नाही, म्हणून पालकसभेत हा प्रश्न विचारायला मी सांगते. मुलगा पाणी पितो का, एवढाच विचारायचा. बाकी काही नाही.

आणि दुसरी बाजू. गे मुलगा नाजूक चालतो आणि नाजूक चालणारा गे असतो, हे गृहीत तुमचंही आहे आणि त्रास देणाऱ्या पोरांचंही. नाजूक चालणारी अनेक मुलं गे नसतात. चारचौघांसारखी चालणारी, क्रिकेट खेळणारी, कुणाला संशयही न येणारी अनेक मुलं गे असतात. ज्याची चाल ‘सुधारलेली’ आहे असा मुलगा मागच्या बाकावर बसून दुसऱ्याला दिलेली शिवी दिवसभर ऐकतो. कधी कधी आपल्यावर शेकू नये म्हणून तोही हसतो. त्याच्याकडे सुधारण्यासारखं काही उरलेलंच नाही, तरी रात्री झोप त्यालाही लागत नाही. तुमचा सल्ला या मुलाला काय देतो?

‘मिटायचा’ म्हणता, त्याचाही हिशोब करू. युनेस्कोनं चेन्नईच्या सहोदरन या एलजीबीटी लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेबरोबर तामिळनाडूत शाळांमधल्या अशा छळाचा केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 371 जणांशी बोलणं झालं होतं. शाळेकडे तक्रार केलेले जेमतेम 18 टक्के. आणि तक्रार केल्यावर अनेकांना काय उत्तर मिळालं? दुर्लक्ष कर. वागणं बदल. तुमचंच उत्तर. असं उत्तर मिळालेला मुलगा परत तुमच्या खोलीत येत नाही. तक्रार बंद झाली एवढंच तुम्हाला दिसतं. त्याच वेळी वर्गालाही निरोप पोहोचतो की सरसुद्धा म्हणतात दोष त्याचाच आहे. दुसऱ्या दिवशी शिवी देणाऱ्याचा आवाज चढलेला असतो.

मग करायचं काय, हे मी लेखात दिलं होतं. तुम्ही ‘दोघांना समोरासमोर बसवू नका म्हणता, मग काय आरती ओवाळायची?’ असं विचारलंत, म्हणून पुन्हा आणि जरा सविस्तर.

समोरासमोर बसवायचं नाही, कारण हे भांडण नाही. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: जाणूनबुजून दिलेला त्रास, पुन्हा पुन्हा दिलेला त्रास, आणि दोघांच्या बळातला फरक. भांडणात दोन्ही पारडी जवळपास सारखी असतात, तिथं हात मिळवणी चालते. इथं ‘सॉरी म्हण, मिठी मार’ करून घेतलं तर सॉरी म्हणणारा शाळा सुटल्यावर सायकल स्टँडपाशी त्याची किंमत वसूल करतो.

मुलाशी एकट्याशी बोला, पण शिक्षकखोलीत नको. ‘तू तसा आहेस का’ हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. त्याच्या उत्तरावर कारवाई अवलंबून नाही, तो गे असो वा नसो, त्रास तोच. विचारा: कुठं झालं, किती वाजता, कोण कोण होतं, बघणारे कोण होते, याआधी कधी. त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहून घ्या, शिवीसुद्धा जशीच्या तशी. ‘अपशब्द वापरले’ असं लिहिलं की पुढं चौकशीत काही उरत नाही. पण नोंदीत त्याच्या लैंगिकतेबद्दल एक अक्षर नको, कारण ते रजिस्टर लिपिकापासून संस्थाचालकापर्यंत फिरतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती पालकांना सांगताना. मुख्याध्यापक सद्भावनेनं फोन करतात आणि म्हणतात, ‘तुमच्या मुलाला गे म्हणून चिडवतात, जरा लक्ष द्या.’ त्या रात्री घरात काय होतं याची जबाबदारी मग कोण घेणार? काही घरांत मार पडतो, काही घरांत बाबा-बुवाकडे नेतात, काही घरांत ‘बरं करणारा’ डॉक्टर शोधतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे ‘उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं ते 2022 मध्ये. तरी शोध थांबत नाही. मूल तक्रार करत नाही त्यामागचं मोठं कारण हेच, की तक्रार केली तर घरी कळेल. म्हणून पालकांना छळ सांगायचा, ओळख सांगायची नाही. ‘मुतारीजवळ तीन मुलं त्याला अडवतात आणि शिवीगाळ करतात, आम्ही हे हे करतो आहोत.’ एवढं पुरतं. बाकीचं मुलगा स्वतः सांगेल, हवं तेव्हा.

त्रास देणाऱ्यांशी वेगवेगळं बोला, एकाच दिवशी, म्हणजे त्यांना एकमेकांत ठरवायला वेळ मिळत नाही. त्यांच्या पालकांना बोलवा. मग जागा बघा. छळ वर्गात तास चालू असताना कमी होतो. शाळा भरण्याआधीची दहा मिनिटं, मधली सुट्टी, मुतारीची गल्ली, जिना, शाळेची रिक्षा, इथं होतो. तिथं एक मोठा माणूस उभा राहिला तरी फरक पडतो. आणि बघ्यांवर काम करा. टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेला 2001 सालचा अभ्यास आहे: बघणाऱ्या मुलांपैकी कोणी मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ 10 सेकंदांत थांबला. वर्गात भाषण देऊन हे होत नाही. ज्यांचं वर्गात ऐकलं जातं अशी चार-पाच मुलंमुली निवडा आणि त्यांना एकच वाक्य द्या, ‘चल रे, सोड त्याला,’ आणि त्या मुलाला घेऊन तिथून निघायचं. दोन दिवसांनी, आठवड्यानं, महिन्यानं त्याला परत विचारा. पहिल्या आठवड्यात सगळं शांत असतं, मग पुन्हा सुरू होतं, आणि तोवर शाळेनं फाइल बंद केलेली असते.

चड्डी ओढणं, अंगाला नको तिथं हात लावणं, ‘दाखव’ म्हणून कोंडून ठेवणं, याला मस्ती म्हणायचं नाही. तो पोक्सो कायदा 2012 चा विषय आहे, तो कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे, आणि माहीत असून कळवलं नाही तर न कळवणाऱ्यालाच 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इन्स्टाग्रामवर फोटो बदलून टाकला असेल तर तक्रार करण्याआधी स्क्रीनशॉट, तारीख आणि लिंक जपून ठेवा. तो फोटो अश्लील असेल तर मात्र ‘पुरावा’ म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका, पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे. आणि मूल ‘मी नसलेलाच बरा’ असं काही बोललं तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का. विचारल्यानं विचार येत नाही, बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. मदतीचे फोन: मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416, मुलांसाठी चाइल्डलाइन 1098.

राहिलं तुमचं बाकीचं. आठवीत मुलाला मुलगी आवडली तर ‘तुला कुठून कळलं’ असं आपण विचारत नाही. कणखर होण्याबद्दल मी वर लिहिलं तेच पुरे. शिक्षकांवरचा बोजा मला माहीत आहे, जनगणनेपासून पोषण आहारापर्यंत, पण मुतारीच्या गल्लीत दहा मिनिटं उभं राहायला शासन निर्णय लागत नाही. मार्च 2022 पासून शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तक्रारपेटीही हवी. ती कुणाच्या केबिनबाहेर टांगली आहे तेवढं बघा. मुख्याध्यापकांच्या दाराशी असेल तर तिच्यात चिठ्ठी पडणार नाही. जिन्याच्या वळणावर लावा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. पण शेवटची दोन वाक्यं झाकली आहेत, कारण तो लेख नववी-दहावीतली मुलंही वाचतात आणि मला पत्रं लिहितात. तुम्हाला ती वाक्यं वेगळ्या शब्दांत लिहायची असतील तर पाठवा, मी त्या जागी लावीन.