चार मिनिटांपूर्वी गेलेली बस

लांबच्या शहराला जायचं असेल तर रात्रीची गाडी आहे, विमान आहे, आरक्षण आहे, चादर-उशीसुद्धा आहे. शेजारच्या शहराला जायचं असेल तर अंगात चिकाटी हवी. मी कामानिमित्त शेजारच्याच शहरात जातो, पण घरचे निरोप देतात तो मी सातासमुद्रापार निघाल्यासारखा.

रेल्वेच्या कुंडलीत हे खरं तर लिहिलेलं नव्हतं. 1830 साली लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यात वाफेच्या इंजिनांची, वेळापत्रकाने धावणारी पहिली आंतरशहरी रेल्वे सुरू झाली. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. म्हणजे हा सगळा खटाटोप मुळात शेजाऱ्याकडे जाण्यासाठीच झाला होता! पुढे रूळ लांबत गेले आणि शेजारी राहिला बाजूला.

माझी गाडी पॅसेंजर. मार्ग एकेरी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना रूळ एकच. समोरून कोणी आलं की हिने साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, जाऊन उभं राहायचं, मागून एक्स्प्रेस आली तरी हिनेच. मालगाडीलासुद्धा हिच्यापेक्षा मान जास्त. कोळशाला कुठे वेळेत पोचायचं असतं कोण जाणे. डब्यात कोणीतरी "क्रॉसिंग आहे" म्हणतं आणि सगळे एकदम समजूतदार होतात. एक काका चपला काढून मांडी घालतात. त्यांचा अंदाज इंडिकेटरपेक्षा पक्का: एक पाय वर घेतला तर दहा मिनिटं, दोन्ही घेतले तर अर्धा तास.

एवढं करून गाडी पोचते, आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, थोडी रेंगाळते आणि मग फलाटाला लागते. पूल चढून, उतरून, धापा टाकत मी बसथांब्यावर जातो. बस चार मिनिटांपूर्वी गेलेली असते. पुढची पन्नास मिनिटांनी.

मध्यंतरी या मार्गाचा वेग वाढवला. फुलांचे हार वगैरे झाले. गाडी सहा मिनिटं लवकर पोचू लागली आणि मला पहिल्यांदाच बसची मागची बाजू सोडून दार दिसलं. पुढच्याच महिन्यात बसचं वेळापत्रक 'सुधारलं'. बस दहा मिनिटं आधी सुटू लागली.

मी चौकशीच्या खिडकीशी गेलो.

"अहो, गाडी येते त्याच्या आधीच बस जाते."

"बस आमच्याकडे नाही."

बसच्या कचेरीत गेलो. "साहेब, बस जरा उशिरा सोडता येईल का?"

"का? आमची बस वेळेवर आहे."

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत.

स्वित्झर्लंडमध्ये 1982 साली देशभर ठरावीक तालाचं वेळापत्रक आलं: गाडी दर तासाला त्याच मिनिटाला. 1987 मध्ये लोकांनी चक्क मतदान करून पुढच्या सुधारणांना कौल दिला. 2004 पासून झुरिक ते बर्न प्रवास तासाच्या आत, 56 मिनिटांत होऊ लागला. त्याहून जास्त पळण्याची त्यांना हौस नव्हती. दोन्ही टोकांना तासाच्या ठोक्याआधी गाड्या येतात, माणसं गाड्या बदलतात, ठोक्यानंतर गाड्या सुटतात. त्यासाठी तासापेक्षा थोडं कमी एवढंच हवं होतं. कोणत्या मिनिटाला पोचायचं ते आधी ठरवलं, मग तेवढ्यापुरते रूळ टाकले. आमच्या मार्गावर आधी हार आणतात.

तिकिटांचंही तेच. रेल्वेचा पास बसला चालत नाही, बसचं कार्ड रेल्वेला चालत नाही, आणि घाईत मी नेमकं चुकीचंच पुढे करतो. जर्मनीतल्या हँबर्गमध्ये 1965 साली वाहतूक कंपन्यांनी एकत्र येऊन संघ काढला आणि पुढे रेल्वे, बस, नाव सगळ्याला एकच तिकीट चालू लागलं. नावेलासुद्धा!

अभ्यासक म्हणतात की, थांब्यावरचं एक मिनिट प्रवाशाला गाडीतल्या दीड-दोन मिनिटांएवढं वाटतं. हा हिशेब छप्पर असलेल्या थांब्याचा असावा.

परतीची कथा आणखी सरस आहे. शेवटची गाडी रात्री नऊला सुटते आणि स्टेशनला येणारी शेवटची बस नऊ वाजून पाच मिनिटांनी पोचते. त्या बसमध्ये मी, ड्रायव्हर आणि कंडक्टर. परवा कंडक्टर सांगत होता की, फेरीला प्रतिसाद नाही म्हणून ती बंद करायचं चाललंय.