बॅगेत वाळू भरू नका

व्यायामाच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'पंचिंग बॅग वाळूनं गच्च भरा, जेवढी जड तेवढा ठोसा पक्का. ग्लोव्हज घालू नका, हाडं कठीण होतात. पैलवानांच्या कोल्हापुरात ग्लोव्हज कसले?' तो वाचून आमच्या गल्लीतल्या दोन पोरांनी वाळूची पोती आणून टाकली, म्हणून हे लिहितोय.

आधी वजन. ४ फूट लांब, १४ इंच जाड बॅग वाळूनं भरली तर ती २०० किलोच्या घरात जाते. घरातल्या हुकाला ते कसं पेलणार? वर ठोशाचे हिसके वेगळेच. शिवाय वाळू खाली बसते. आम्ही हे एकदा करून बसलोय. महिन्याभरात बॅगेचं बूड दगड झालं आणि वरचा भाग रिकाम्या पिशवीसारखा लोंबायला लागला. मारणाऱ्याच्या वजनाच्या साधारण निम्मी बॅग घ्यावी. ७० किलोच्या पोराला ३५ किलो, थोडं इकडंतिकडं चालतं. आत चिंध्या भरा, थराथरानं दाबत. चिंध्यांवरची बटणं आणि झिपा आधी कापून टाका.

आता हाडं. ताण पडला की हाड सावकाश भक्कम होतं, हे खरं आहे. पण त्याला महिने लागतात, आणि मोडायला एक वाकडा ठोसा पुरतो. बहुतेकदा करंगळीमागचं हाड जातं. असा एक हात मी हातात घेऊन पाहिलाय. सूज उतरली होती, पण मूठ वळली की करंगळीचा उंचवटा दिसायचाच नाही, तिथं नुसता खळगा. साडेचार मीटरची पट्टी मनगटापासून गुंडाळा, वर १२ ते १६ औंसाचे ग्लोव्हज घाला.

आणि पैलवानांचं नाव तर घेऊच नका. तालमीतली लाल माती रोज खोऱ्यानं उकरतात, तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. कशासाठी? पडणाऱ्याचं अंग राखायला. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानातही कुस्ती याच मातीवर होते, फरशीवर नाही. कोल्हापूरच्या पैलवानानं अंग घासून घासून कठीण केलेलं नाही, जपून तयार केलंय.

पोरांना हे पटलंय. रविवारी चिंध्या आणायला इचलकरंजीला जातोय. कुणाकडं कॅनव्हासची रिकामी बॅग पडून असेल तर कळवा.