विकली नाही म्हणून लहान?

आमच्या दाजींचं एक ठरलेलं मत आहे: मराठी माणसाला कंपनी काढता येते, वेळेवर विकता येत नाही. दाखला तयारच असतो. अहमदाबादच्या लोकांनी सायबरोम नावाचा फायरवॉल (ऑफिसच्या नेटवर्कच्या दारातला राखणदार) बनवला, 2014 मध्ये इंग्लंडच्या सोफोसला विकला आणि मोकळे झाले. आणि आमचे पुण्याचे अँटिव्हायरस बनवणारे क्विक हीलवाले? बसलेत कवटाळून. दाजींनी फेब्रुवारी 2016 च्या पब्लिक इश्यूत 321 रुपयांनी क्विक हीलचे शेअर घेतले होते आणि पहिल्याच दिवशी भाव त्याच्या खाली बंद झाला. तेव्हापासून हा विषय निघाला नाही असा एक गणपती गेलेला नाही. परवा फोनवर पुन्हा तेच. "पाव्हणं, गुजरात्यानं बघा कसं केलं. घेतलं पैसं, झटकलं हात. आपल्यात गुंठाभर रान विकायचं म्हटलं तरी भावकी रडाय लागती, कंपनी कुठली विकतोय!"

एरवी मी हसून सोडून देतो. या वेळी सोडवेना, कारण मी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोत राहतो, आणि नेटवर्क सिक्युरिटीची कंपनी काढून वेळेवर विकणं म्हणजे काय, हे या गावाइतकं क्वचितच कुठल्या गावानं बघितलं असेल.

एव्हीजी घ्या. पुण्यात अर्ध्या लोकांच्या कॉम्प्युटरवर जी फुकटची एव्हीजी अँटिव्हायरस असायची, ती मूळची इथली. 1991 मध्ये ग्रिसॉफ्ट नावानं सुरू झाली. पुढे मुख्यालय ॲमस्टरडॅमला गेलं, 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात शेअर आले, 2016 मध्ये प्रागच्या अवास्टनं 1.3 अब्ज डॉलरला ती घेतली. अवास्टही वाढत वाढत लंडनच्या बाजारात गेली आणि 2022 मध्ये आठ अब्जांहून जास्त डॉलरला अमेरिकेच्या नॉर्टनवाल्यांकडे पोचली. आता सगळ्यांची मिळून जेन डिजिटल झाली आहे. कागदावर मुख्यालयं दोन, ॲरिझोनातलं टेंपी आणि प्राग. कुठल्या मुख्यालयाचं किती चालतं ते मी सांगायला नको.

किंवा फ्लोमॉन. ही एव्हीजीपेक्षा मला जवळची, कारण आमच्याच धंद्यातली. इथल्या विद्यापीठांतल्या संशोधनातून 2007 मध्ये इन्व्हिया-टेक निघाली, तिचंच पुढे फ्लोमॉन झालं. काम मोठं सुरेख होतं. फायरवॉल येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची पिशवी उघडून बघतो. फ्लोमॉन पिशवीला हात लावत नाही. कोणत्या मशीननं कुणाशी, किती वाजता, किती वेळ आणि किती डेटा बोलला, एवढंच टिपून ठेवतो. फोनचं बिल बघून पोरगं कुणाशी बोलतंय हे बापाला कळतं ना, तसं. रात्री तीन वाजता अकाउंट्सचा एक कॉम्प्युटर अनोळखी देशातल्या पत्त्यावर दहा-दहा मिनिटांनी चिमूटभर डेटा पाठवतोय, हे त्यात उघड दिसतं, मग आतला मजकूर कितीही एन्क्रिप्ट केलेला असो. 2020 मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या केंपनं घेतली आणि पुढच्याच वर्षी केंपला प्रोग्रेसनं घेतलं. दाजींच्या भाषेत, दोनदा झटकले हात.

याला वाढ म्हणायचं का? पैशाची झाली, शंकाच नाही. संस्थापकांचं कल्याण झालं आणि त्यातला काही पैसा इथल्याच नव्या कंपन्यांत फिरला. पण मी आधी ज्या कंपनीत होतो (नाव नको) तिची विक्री मी आतून बघितली आहे. पहिल्या दिवशी केक आला आणि प्रत्येकाच्या टेबलावर नव्या रंगाची गळ्यातली पट्टी ठेवली होती. दुसऱ्या विक्रीला केक नव्हता, नुसती पट्टी. माझ्या शेजारच्या चेक माणसानं जुनी पट्टी गावाबाहेरच्या सुट्टीच्या घराच्या किल्ल्यांना लावली आणि नवी गळ्यात घातली, बस्स, एवढाच विधी. कॅन्टीन तेच, स्विच्कोवाची (सायीच्या रश्श्यातलं इथलं मटण) चवही तीच. बदललं ते एवढंच की लॉग (मशीनच्या नोंदी) वाचणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममधली दुरुस्ती, जी आम्ही पूर्वी कॉफी पिता पिता ठरवायचो, तिच्यासाठी संध्याकाळी पाचची मीटिंग लागायला लागली, कारण ठरवणारे तेव्हा उठायचे. सहा महिन्यांनी प्रॉडक्टचा रोडमॅप, म्हणजे पुढची आखणी, आला. तो ब्रनोत लिहिलेला नव्हता.

हे दाजींना सांगितलं तर म्हणतात, "पगार येत होता ना वेळंवर?" येत होता.

आता क्विक हील. कैलास काटकर रहिमतपूरचे, म्हणजे आमच्या कोरेगाव तालुक्यातले, त्यामुळे माझं मन कुठे झुकणार हे आधीच सांगून टाकतो. शिक्षण दहावी. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता मंगळवार पेठेत स्वतःचं दुकान, मग कॉम्प्युटरची दुरुस्ती. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसच फार, म्हणून त्यानं ते काढायचे छोटे प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून नव्वदीच्या मध्यात क्विक हील उभं राहिलं. 2010 मध्ये सेक्वोया या गुंतवणूक कंपनीचे 60 कोटी आले. हे सगळं आपल्याकडे भाषणांत इतकं वापरून झालंय की त्यातला मुद्दाच हरवला. तो मुद्दा आहे दुकानदार.

ज्यांनी दोन हजार पाच-सातच्या सुमारास पुण्यात, साताऱ्यात किंवा कराडात असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला त्यांना आठवेल. गल्लीतला कॉम्प्युटरवाला सीडी घालायचा, प्रॉडक्ट-की टाइप करायचा, डब्यावरचा नंबर वहीत लिहून ठेवायचा आणि कॅबिनेटवर स्वतःच्या फोन नंबराचं स्टिकर मारायचा. वर्षानं रिन्यूअलला फोन त्याचाच यायचा. क्विक हील वाढलं ते या हजारो दुकानदारांच्या जिवावर. आणि आपल्याकडचा रोगही वेगळा होता. इंटरनेट जेमतेम, पण पेनड्राइव्ह गावभर फिरायचा, झेरॉक्सच्या दुकानातून कॉलेजात आणि कॉलेजातून घरी. पेनड्राइव्ह लावला की व्हायरस आपोआप सुरू व्हायचा. प्रागमध्ये बसून हा रोग दिसत नव्हता, मंगळवार पेठेत दिसत होता. स्कॅन लागलं की मशीन रांगायचं हेही खरं, पण फाइल उडवून न टाकता साफ करून द्यायची त्यांची हातोटी होती, आणि दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो वाचवायचे असत.

मग वाढ मंदावली ती का? मराठी स्वभावामुळे? छे. मायक्रोसॉफ्टनं 2012 च्या विंडोज 8 पासून अँटिव्हायरस विंडोजमध्येच दिला, तोही फुकट. त्याआधी 2001 पासून अवास्ट फुकट वाटत होतीच. लोकांचा वेळ कॉम्प्युटरवरून मोबाइलवर गेला. डब्यातली सीडी विकणाऱ्या जगातल्या प्रत्येक कंपनीला याची झळ लागली. चेक कंपन्या एकमेकींना गिळत मोठ्या झाल्या त्या हौसेनं नव्हे, एकेकटं भागेना म्हणून. क्विक हीलनं दुसरा रस्ता धरला. 2015 मध्ये सेक्राइट नावानं कंपन्यांसाठीचा वेगळा ब्रँड काढला, फायरवॉलसारखी ऑफिसच्या दारात बसणारी उपकरणंही विकली. ती वाट हळू आहे, कारण बँकेचा किंवा सरकारी खात्याचा गिऱ्हाईक सीडी घालून होत नाही, दोन दोन वर्षं टेंडरमागे फिरावं लागतं.

फुकटचं म्हणाल तर तीही गोष्ट सांगितली पाहिजे. अवास्टची सुरुवात मला आवडते. 1988 मध्ये साम्यवादी राजवट होती, खाजगी कंपनी काढता येत नव्हती, म्हणून पावेल बाउडिश आणि एदुआर्ड कुचेरा यांनी सहकारी संस्था काढली. (सहकार म्हटल्यावर दाजींचे कान टवकारले, कारखान्याचे सभासद आहेत ते.) नंतर अमेरिकेची अँटिव्हायरस कंपनी मॅकॅफी विकत घ्यायला आली तर या दोघांनी नाही म्हटलं. पण मोफत माल वाटून कोट्यवधी वापरणारे जमवल्यावर जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत त्याच वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली गेली. 2020 च्या जानेवारीत हे उघडकीला आल्यावर जंपशॉट बंद करावी लागली, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. चोर येऊ नये म्हणून ठेवलेला राखणदारच घरातलं बाहेर सांगत होता. आमचा कराडचा दुकानदार रिन्यूअलचे पैसे रोख मागायचा ते मला तेव्हा लागायचं, आता त्यात मला एक सरळपणा दिसतो.

दाजी म्हणतील, सोयीचं तेवढं निवडतोयस. निवडतोय. मग हेही घ्या: ब्रनोहून दीड-दोन तासांवर ब्रातिस्लाव्हा आहे, तिथे एसेट आहे. 1992 ची कंपनी, अजून खाजगी, शेअरबाजारात नाही, विकलेली नाही, आणि जगभर चालते. स्लोव्हाकियाची लोकसंख्या पुणे जिल्ह्याहून कमी. तिथे कुणी म्हणत नाही की स्लोव्हाक माणसाला विकता येत नाही. आपल्याकडे मात्र गुजरात्यानं विकलं तर धोरण आणि मराठी माणसानं ठेवलं तर मूर्खपणा. बरं, सायबरोम ज्या सोफोसनं घेतली ती सोफोस 2020 मध्ये अमेरिकेच्या थोमा ब्रावो या गुंतवणूक कंपनीनं उचलली. अहमदाबादचं ऑफिस चालू आहे, तिथली पोरं उत्तम काम करतात. पण कुठला फीचर ठेवायचा आणि कुठला मारायचा हे आता साबरमतीच्या काठी ठरत नाही, आणि मोजायचंच तर मी हे मोजेन.

इथवर ऐकून दाजींनी दुखरी जागा धरली. "एवढा पुळका हाय, मग तुमी का नाय लागला क्विक हीलमध्ये?"

खरं सांगायचं तर आमच्या बॅचमध्ये ते नाव कुणाच्या यादीत नव्हतं. ज्या कंपन्या व्हिसा देतात त्यांची यादी सगळ्यांना पाठ होती. पुण्यातच नॉर्टन बनवणाऱ्या अमेरिकी सिमँटेकचं ऑफिस होतं, तिथे लागलेल्याला नातेवाइकांत भाव होता. मी तर सरळ देशच सोडला. तेव्हा पुण्यातल्या कंपनीनं विकू नये, टिकावं, हळू वाढावं, हा माझा आग्रह बारा नंबरच्या शालिनेत (इथल्या ट्राममध्ये) बसून केलेला आहे, आणि तो करायला मला खर्च काही येत नाही. फ्लोमॉन विकली गेल्याचं मी वाचलं त्या दिवशी मला काहीच वाटलं नव्हतं, स्मझेनी सीर (तळलेलं चीज) खाऊन कामाला लागलो. क्विक हीलचा एकही शेअर माझ्याकडे नाही, तरी त्याचा भाव मी आठवड्यातून दोनदा बघतो आणि पडला की चिडचिड होते. इथे इतकी वर्षं कर भरतोय, तळ्यावर पोहतोय, शेजाऱ्याच्या कुत्र्याला चेकमध्ये रागावतोय, पण असली चिडचिड इथल्या कशाबद्दल होत नाही.

नागरिकत्वाची भाषेची परीक्षा मी पास झालो आहे, राज्यघटनेच्या प्रश्नांचीही. चेक लोकांना दोन पासपोर्ट चालतात, आपल्याला चालत नाहीत, म्हणजे आपला परत करावा लागेल. बायको म्हणते, करून टाक अर्ज, मतदान करता येईल, युरोपात कुठेही नोकरी धरता येईल. मी दरवेळी सांगतो की ऑफिसात अपॉइंटमेंट मिळत नाही. मिळते, हे तिलाही माहीत आहे.