मोजणाऱ्याचा हात आधी धरा

सोलापुरात कॉम्प्युटरचा धंदा टाकताय? छान. नवी पेठेत गाळा घ्या नाहीतर होटगी रोडला ऑफिस थाटून सॉफ्टवेअर बनवा, पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. माल वेगवान असण्याची काही गरज नाही, आकडा मोठा पाहिजे. गिऱ्हाईक आकडा विकत घेतं, मशीन त्याच्याबरोबर घरी जातं इतकंच.

आणि आकडा मनाने ठोकून देऊ नका. त्याला थाप म्हणतात, आणि थाप मारायला अक्कल लागत नाही. आकडा खराच हवा. तो कशाचा आहे, ते बारीक अक्षरात.

सगळ्यात आधी परवाना लिहा. लोक वर्षभर सॉफ्टवेअर घडवतात आणि शेवटच्या रात्री कुठून तरी परवाना उचलून चिकटवतात. तुम्ही उलट करा. १९८३ च्या सुमाराला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डेविट या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांबरोबर त्या वेळचे डेटाबेस एकाच मापाने मोजले आणि कोण कुठे आहे ते छापून टाकलं. त्यात ओरॅकल या डेटाबेस कंपनीचं काही बरं दिसलं नाही. मालक लॅरी एलिसन भडकले. या प्राध्यापकाला काढा म्हणून त्यांनी विभागप्रमुखांना फोन केला, असं सांगतात. प्राध्यापक जागेवरच राहिले. मग परवान्यात कलम आलं, की आमच्या संमतीशिवाय चाचणीचे निकाल कुणाला सांगायचे नाहीत. गंमत बघा, या कलमाला जग आज ओळखतं ते ‘डेविट कलम’ म्हणून. मोजणाऱ्याचं नाव मोजायच्या बंदीला! मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या करारातही याच जातीचं कलम आहे. पैसे भरा, रात्रंदिवस वापरा, पण किती धावतंय ते शेजारच्या कारखान्यात बोलू नका.

मात्र कलम कुठे घालायचं याला जरा पोच लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये इंटेलने प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या भगदाडावर मायक्रोकोडचं, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांचं ठिगळ आणलं. ठिगळाने वेग किती घटतो, हाच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी, आणि नेमकं त्याच परवान्यात लिहिलेलं, की तुलनेचे आकडे प्रसिद्ध करायचे नाहीत. बोंबाबोंब झाली, डेबियन ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे अडून बसले, आणि काही दिवसांत इंटेलला ते वाक्य काढावं लागलं. तुम्ही शांत हवामानात घाला. गिऱ्हाईक खुशीत असताना कुणी करार वाचत नाही.

समजा इतकं करूनही परीक्षेला बसायची वेळ आलीच, तर ती विकत मिळते. १९८८ मध्ये कंपन्यांनीच एकत्र येऊन कॉम्प्युटरचा वेग मोजणारी ‘स्पेक’ ही संस्था काढली. तिची ‘सीपीयू २०१७’ ही प्रोसेसरची परीक्षा आली तेव्हा नव्या व्यापारी गिऱ्हाइकाला १००० डॉलर पडायची. सन कंपनीच्या २००६ सालच्या एका सर्व्हरच्या किती पट तुम्ही धावता, ते तुमचे गुण. एका कॉम्प्युटर-भाषेतल्या सगळ्या प्रोग्रॅमना सारखीच सेटिंग लावून निघतो तो ‘बेस’ आणि एकेकाचे वेगळे लाड करून निघतो तो ‘पीक’. जाहिरातीत कुठला घ्यायचा हे मी सांगायला नको. कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा) कुठला, मेमरी किती, बायॉसमध्ये (मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) काय बंद केलं, सगळं उघड करावं लागतं. नियमाप्रमाणे न काढलेल्या आकड्यापुढे ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहावं लागतं. घाबरू नका. नियम खरोखर कडक आहेत, पण निकालाचं ते पान उघडणारा माणूस अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मला तरी भेटलेला नाही.

आता, परीक्षा विकत घेतली म्हणजे प्रश्नपत्रिका आपल्या कपाटात. मग सगळा अभ्यास कशाला करायचा? फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पेकने २६०० हून जास्त निकाल बाद ठरवले. इंटेलचा कंपायलर परीक्षेतल्या एका प्रोग्रॅमचा कोड आणि डेटा आधीच ठाऊक असल्यासारखी करामत करत होता, आणि ती करामत बाहेरच्या कामात फारशी उपयोगाची नव्हती, असा शेरा पडला. कडक कांजीच्या टॉवेलचं वजन पहिल्या धुण्यापर्यंतच असतं, हे सोलापूरकराला मी काय शिकवणार! पण त्या आकड्यांवर घेतलेले सर्व्हर कुणी परत नेऊन दिल्याचं ऐकलंय का?

दंडाचीही फार धास्ती नको. डेटाबेसच्या परीक्षा घेणाऱ्या ‘टीपीसी’ने २००९ मध्ये ओरॅकलला दंड केला. निकाल सादर व्हायच्या आधीच आयबीएमपेक्षा आपण वेगवान अशी जाहिरात त्यांनी देऊन टाकली होती. दंड १०,००० डॉलर. त्या मापाच्या कंपनीचं एवढ्यात चहापाणीही भागत नसेल.

फोन विकणार असाल तर वाट आणखी सोपी. २०१३ मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी एस ४ मध्ये चाचणीच्या ठरावीक अ‍ॅपची नावंच आत लिहिलेली सापडली. ती अ‍ॅप उघडली की ग्राफिक्स ५३३ मेगाहर्ट्झवर, तुम्ही गेम खेळलात की ४८०. आत कोडमध्ये ‘बेंचमार्क बूस्टर’ अशी चक्क पाटी होती. असं करू नका हो, निदान नाव तरी ‘सिद्धेश्वर’ वगैरे ठेवायचं! २००१ मध्ये एटीआय कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाची गत याहून वाईट झाली. कुणीतरी ‘क्वेक’ गेमच्या फाइलचं नाव बदलून ‘क्वॅक’ केलं आणि वेग खाली आला. चित्र मात्र सुधारलं.

गीकबेंच हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर फुकटची आवृत्ती लावू नका. तिचा निकाल थेट सगळ्यांना दिसेल असा चढतो. पैसे भरून प्रो घ्या, म्हणजे पडलेले आकडे घरात राहतात आणि बरा आला तो तेवढा बाहेर काढता येतो. मोजणीची वेळही बघून घ्या. मे महिन्यात दुपारी सोलापुरात प्रोसेसर तापला की आपोआप वेग आवरता घेतो, म्हणून पहाटे, एसी लावून, पहिल्याच फेरीचा आकडा धरा. पत्र्याखालच्या कारखान्यात पंख्यात सुताचा कचरा अडकून त्याच मशीनचं काय होतं, ते सर्व्हिसवाल्या पोराला बघू दे. आलेखाच्या दांड्या शून्यापासून सुरू करायच्या नाहीत, हे तर शाळकरी पोरालाही कळतं.

एका जातीच्या गिऱ्हाइकाला मात्र जपून राहा. टॉवेल कारखान्याचे मालक येतात, चप्पल बाहेर काढतात, स्टुलावर बसतात. तुमचा पोरगा फोन पुढे धरतो, वेग मोजणाऱ्या ‘अँटुटू’चे गुण दाखवत.

“मालक, बघा की. अँटुटू दहा लाखाच्या वर हाय.”

“असू दे. कॉम्प्युटर दाखव.” मालक खिशातून पेनड्राइव्ह काढतात. “ह्यात सात वर्षाचं टॅली हाय. लाव. मार्चअखेरचा स्टॉक काढून दाखव.” आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरून बसतात.

इथे कुठलाही आकडा कामाचा नाही. चहा मागवा. पेनड्राइव्ह लागत नाही म्हणून दोनदा उलटासुलटा करा. तरीही मालक हलले नाहीत, तर नम्रपणे सांगा, “अण्णा, परवान्यात घड्याळ लावायला मनाई आहे.”