‘बोलेल आपोआप’ : एका फॉरवर्डला उत्तर

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं : मुलगे उशिराच बोलतात, आइनस्टाइनही उशिरा बोलला, तेव्हा तीन वर्षं थांबा, दोन वर्षांच्या पोराची ‘विकासाची तपासणी’ म्हणजे कपाळावर शिक्का आणि डॉक्टरांचा धंदा, आईने मोबाइल ठेवून मुलाशी बोलावं, पुरे.

मुलगे उशिरा बोलतात, हे थोडंसं खरं आहे. मुलींच्या मानाने सरासरी महिना-दोन महिने उशीर होतो, वर्षभर नव्हे. उशिरा बोलणाऱ्यांपैकी बरीच मुलं पुढे बाकीच्यांना गाठतात, हेही मान्य. पण कोणतं गाठेल आणि कोणतं नाही, हे नुसते शब्द मोजून कळत नाही. सांगितलेलं त्याला समजतं का? हवं ते बोटाने दाखवतं, की तुमचा हात धरून फ्रीजपर्यंत ओढत नेतं? चिमणी दिसली की ‘तूही बघ’ अशा नजरेने तुमच्याकडे वळतं का? आणि सगळ्यात आधी, त्याला नीट ऐकू येतं का? कमी ऐकू येणारं मूल हाकेला वळत नाही आणि घरात हट्टी ठरतं. वास्तविक बाळाचं ऐकणं पहिल्या महिन्यात तपासावं, दोष असेल तर तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा संकेत आहे. ‘तीन वर्षं थांबा’ हा सल्ला त्यापुढे किती महाग पडतो बघा.

आइनस्टाइनचं सोडा. उशिरा बोललेल्या आणि मदतीवाचून अडलेल्या मुलांवर कोणी फॉरवर्ड लिहीत नाही.

आता शिक्का. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी वापरली जाणारी एम-चॅट ही स्वमग्नतेची (ऑटिझमची) चाळणी, म्हणजे प्राथमिक तपासणी घ्या. २० प्रश्न, हो किंवा नाही, आणि उत्तरं देणार पालकच. शंका आली तर त्याच प्रश्नांवर पुन्हा खोलात बोलतात, गरज वाटली तरच तज्ज्ञाकडे पाठवतात. चाळणीत अडकलेली सगळी मुलं स्वमग्न निघत नाहीत. निदान ही पुढची, वेगळी पायरी. उलट अनुभव असा की आईला काहीतरी आधीच जाणवलेलं असतं आणि ‘तुझा स्वभावच काळजीचा’ म्हणून तिला गप्प केलेलं असतं. इथे तिला कोणीतरी पहिल्यांदा नीट विचारतं. तपासणाऱ्याने निकालाचा कागद हातात ठेवून ‘नेक्स्ट’ म्हटलं, तर मात्र पालकांचा राग रास्त आहे.

धंद्याबद्दल : महागडी थेरपी पॅकेजं विकणारे आहेत, नाकारत नाही. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन मुलं तपासायची असतात, फुकट. पथक वेळेवर आलं नाही तर ओरड जरूर करा. ती ओरड तपासणी व्हावी म्हणून असेल.

मोबाइल बाजूला ठेवा, उत्तमच. जागतिक आरोग्य संघटनाही वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच म्हणते. पण मोबाइल काढून घेतल्याने बहिरेपण जात नाही, आणि स्वमग्नता आईच्या फोनमुळे येत नाही. फॉरवर्डमध्ये बाबांच्या फोनबद्दल अवाक्षर नाही, ही गंमत वेगळीच.

दोन वर्षं झाली तरी ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. आलेले शब्द गेले, हसणं-बघणं कमी झालं, तर कोणत्याही वयात, त्याच आठवड्यात.